ओरिजिनल, डुप्लिकेट आणि आपले छायाचित्र मंडळ

(तृतीय वर्ष कला)

छायाचित्र मंडळाची ऑगस्टमधली सभा भरली तेव्हा विषयपत्रिकेवर एकच विषय होता : ‘मंडळाच्या कॅमेऱ्यास बॅटरी ग्रिप घेणे.’ दहा मिनिटांत आटोपेल असे वाटलेली ती सभा दोन तास चालली. कँटीनचा चहा दोनदा आला, आणि शेवटी काहीही न ठरता आम्ही उठलो. वाद जुनाच होता. कॅमेरा ज्या कंपनीचा तिचीच ग्रिप घ्यावी, की दुसऱ्या कंपनीची, चार-पाच पट स्वस्त मिळणारी घ्यावी? बाजाराच्या भाषेत, ओरिजिनल की डुप्लिकेट?

मंडळाचे मार्गदर्शक प्राध्यापक म्हणाले, “कॉलेजच्या पैशानं डुप्लिकेट वस्तू घेतली, असं माझ्या सहीनं व्हायचं नाही.” त्यावर द्वितीय वर्षातला एक मित्र उठून म्हणाला, “सर, मग काय नुसत्या नावाचे बारा हजार जास्त द्यायचे?” सभेत हशा पिकला, पण प्रश्न काही विनोदी नव्हता. मंडळाच्या हाती वर्षाला येतात १८ हजार रुपये. सभासद आम्ही चौदा. कॅमेरा एक. तेव्हा बारा हजारांचे काय करायचे हे ठरवणे म्हणजे चौदा जणांचे वर्ष कसे जायचे हे ठरवणे होय. उठता उठता सर मला म्हणाले, “तू दोन्ही बाजूंनी वाद घालतोस. मग दोन्ही बाजू नीट लिहून काढ. वार्षिकासाठी लेख हवाच आहे.” सरांचा शब्द मोडवत नाही, म्हणून हा लहान तोंडी मोठा घास.

ज्या वाचकांचा कॅमेऱ्याशी संबंध फक्त फोटोत उभे राहण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी आधी ही वस्तू काय ते सांगतो. बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाशी लावायचा एक जोडभाग. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडसाठी पाव इंची स्क्रूचे भोक असते. त्यातच ही ग्रिप एका चाकाने आवळून बसवतात. आपल्या मंडळाच्या कॅनन ८०डी सारख्या कॅमेऱ्यांत बॅटरीच्या खणाचे झाकण काढायचे आणि ग्रिपला असलेला उंच दांडा त्या खणात बॅटरीच्या जागी सारायचा. मग खाली ग्रिपमध्ये एकाऐवजी दोन बॅटऱ्या बसतात. शिवाय ग्रिपला स्वतःचे शटरचे बटण असते. कॅमेरा उभा धरला की ते नेमके उजव्या बोटाखाली येते, आणि कोपर आकाशाकडे करून अवघडत फोटो काढावा लागत नाही. जड लेन्स लावली असली तर हातात तोलही बरा राहतो. ग्रिपचे काम म्हणतात ते एवढेच.

एवढ्यासाठी मुळात ग्रिप हवी का, हा पहिला प्रश्न; आणि सभेत तो कोणीच विचारला नाही, मीही नाही. नुसती जास्त वीज हवी असेल तर जादा बॅटरी खिशात ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. ८०डी च्या एका भरलेल्या बॅटरीवर, डोळा लावून फोटो काढले तर, प्रमाणित चाचणीनुसार सुमारे ९६० फोटो निघतात. मागच्या पडद्यावर बघून काढले तर ही संख्या बरीच उतरते. आपल्या स्नेहसंमेलनाच्या एका दिवसात आम्ही फार तर हजार-बाराशे फोटो काढतो. म्हणजे खिशात एक बॅटरी जादा असली की काम भागले.

दुसरा एक गैरसमजही येथेच दूर करायला हवा. ग्रिप लावली की कॅमेऱ्याचा वेग वाढतो, असे पुष्कळांना वाटते. काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते खरे आहे. निकॉनचा डी७०० हा २००८ सालचा कॅमेरा एरवी सेकंदाला ५ फोटो काढतो. त्याला एमबी-डी१० ही ग्रिप लावून तीत ईएन-ईएल४ए ही मोठी बॅटरी किंवा आठ पेन्सिल सेल घातले की तो ८ वर जातो. पण यात जादू ग्रिपची नाही, विजेच्या दाबाची आहे. साध्या बॅटरीचा दाब ७.४ व्होल्ट, त्या मोठीचा ११.१. आपला ८०डी मात्र ग्रिपविना सेकंदाला ७ काढतो आणि ग्रिपसह ७ च काढतो. तेव्हा वेगासाठी मंडळाने ग्रिप घेण्यात अर्थ नाही.

तरीही ग्रिप घ्यावी असे माझे मत आहे, आणि ते उभ्या फोटोंसाठी. एकांकिका स्पर्धेत उभा नट, वक्तृत्वाला उभा वक्ता, नृत्यात उभी मुलगी. आपले निम्म्याहून अधिक फोटो उभेच असतात. तीन तास हात उंच मुरडून ज्याने फोटो काढले आहेत, त्याला ग्रिप म्हणजे चैन वाटणार नाही. दुसरे असे की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, जेथे विजेचा भरवसा नसतो, तेथे बऱ्याच ग्रिप्समध्ये सहा पेन्सिल सेलही चालतात. चार्जिंगच्या सेलचा दाब १.२ व्होल्ट, सहांचे मिळून ७.२ होतात. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरीही ७.२ चीच असते. सेल लवकर संपतात हे खरे, पण ते वाण्याच्या दुकानात मिळतात. हा लहान फायदा नव्हे.

आता मूळ वादाकडे वळतो.

ओरिजिनलवाल्यांची बाजू लेचीपेची नाही. ग्रिप हा नुसता डबा नव्हे, तो सांधा आहे. एकीकडून कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे वजन, दुसरीकडून वीज आणि बटणांचे इशारे, हे सारे त्या सांध्यातून जाते. सांधा किती नेमका बसतो यावर सगळे अवलंबून. हे काही आजचे नाही. १९५९ साली निकॉनने ‘एफ’ हा कॅमेरा आणला. पुढे त्याच्या बुडाला एफ-३६ नावाची मोटर बसू लागली, आणि ती मोटर ज्या त्या कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावी लागे. एकाची मोटर दुसऱ्याला तशीच लावता येत नसे. १९७१ च्या ‘एफ-२’ पासून ही अडचण सरली. स्वतः कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीलाही आपलाच जोडभाग आपल्याच कॅमेऱ्याला बिनघोर बसवता यायला इतकी वर्षे लागली, तर ज्याच्या हाती मूळ नकाशे नाहीत, ज्याला तयार वस्तू मोजून तशी दुसरी करावी लागते, त्याचा सांधा केसभर सैल राहिला तर नवल नाही.

शिवाय वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांच्या ओरिजिनल ग्रिप्स मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात. सांध्यावर धूळ-पाणी अडवणारी पट्टी असते. बटणाचा अर्धा दाब, ज्याने फोकस होतो, तो कॅमेऱ्याच्या बटणासारखाच लागतो. आणि पुढेमागे विकायची झाली तर तिला गिऱ्हाईक मिळते. दुसऱ्या कंपनीची ग्रिप जुनी झाली की तिला कोणी विचारत नाही.

हे सगळे मी पुस्तकी बोलत नाही. माझ्या मामाचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे. सुट्टीत मी त्याच्या हाताखाली लग्नांना जातो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कॅमेऱ्याला मीच आग्रह करून एक स्वस्त ग्रिप घ्यायला लावली होती. तिचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सहा महिने ती उत्तम चालली. मग वैशाखातले एक लग्न आले. मंगलाष्टके संपत आली होती. मामा समोरून मोठ्या लेन्सने, आणि मी बाजूने ७०-२०० ची लेन्स लावून, कॅमेरा उभा धरून तयार होतो. ती लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास. शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, आणि माझ्या डोळ्यापुढचा आकडा विझला. बटण दाबतो तर काही नाही. स्विच खाली-वर केला, काही नाही. ग्रिप मुठीत दाबून धरली तेव्हा पाच-सात सेकंदांनी कॅमेरा जागा झाला. तोवर माळा घालून झाल्या होत्या.

मामाचा समोरचा फोटो होता, त्यामुळे अब्रू वाचली. पण अंतरपाट दूर होताना नवरीने वर पाहिले, तो चेहरा माझ्याच बाजूला होता. तो फोटो कोणाकडेच नाही. अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरीच्या वडिलांनी पाने दोनदा उलटून पाहिली. “अंतरपाट काढतानाचा एकच आहे का?” एवढेच त्यांनी विचारले. मामाने ठरलेल्या पैशांतून काही कमी घेतले. मी मान खाली घालून बसलो होतो.

रात्री मामाने ती ग्रिप खोलून माझ्यापुढे ठेवली. आवळायचे चाक अर्धा फेरा सैल झाले होते. खणात जाणारा दांडाही थोडा हलत होता. वजनाने सांधा वाकला की आतले संपर्क सुटत होते. मी म्हणालो, “मामा, तुम्ही म्हणत होता तेच खरं. मीच तुम्हाला ही घ्यायला लावली.” मामा म्हणाला, “अरे, चूक अर्धी हिची, अर्धी तुझी. सकाळी चाक आवळून बघितलंस का? ओरिजिनललाही हे एकच चाक असतं.” आणि थोड्या वेळाने म्हणाला, “पण मला तिच्यावर आता भरवसा नाही. लग्न परत लागत नाही रे.” पुढच्या आठवड्यात त्याने ओरिजिनल ग्रिप घेतली.

ही हकीकत मी सभेतही सांगितली, आणि ओरिजिनलवाल्यांना वाटले की मी त्यांच्या बाजूला आलो. पण मामाच्या बोलण्याचे दोन भाग होते, आणि दोन्ही खरे होते. चाक मी आवळले नव्हते, हा एक. आणि लग्न परत लागत नाही, हा दुसरा. ज्याचा क्षण परत येणार नाही आणि ज्याने त्या क्षणाचे पैसे घेतले आहेत, त्याने सांध्यावर जुगार खेळू नये. त्याच्यासाठी ओरिजिनल महाग नाही. चार लग्नांत तिची किंमत वसूल होते, एका चुकलेल्या फोटोत गेलेले नाव मात्र चाळीस लग्नांतही परत येत नाही. याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

पण म्हणून जे मामाला लागू तेच मंडळाला लागू, हे मात्र मला पटत नाही. ‘कंपनीचे ते चांगले’ ही श्रद्धाही जरा तपासून घेतली पाहिजे. २०१८ साली निकॉनने झेड६ आणि झेड७ हे कॅमेरे आणले. त्यांच्यासाठी पुढे एमबी-एन१० नावाचा बॅटरीचा जोडभाग काढला. त्याला उभ्या फोटोचे बटणच नव्हते! बटण असलेली एमबी-एन११ ही ग्रिप आली २०२० मध्ये, आणि ती दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्यांसाठी. म्हणजे ओरिजिनलचे पैसे मोजूनही ज्यासाठी ग्रिप घ्यायची तीच गोष्ट मिळाली नाही, असेही होते.

पुन्हा, कॅमेरा बदलला की ग्रिप बदला, हाही खर्च आहेच. कॅननच्या ५डी मार्क टू ला बीजी-ई६, मार्क थ्री ला बीजी-ई११, मार्क फोर ला बीजी-ई२०. तिन्ही वेळा बॅटरी त्याच घराण्यातली, एलपी-ई६. कॅमेऱ्याच्या बुडाचा आकार बदलला की जुनी ग्रिप अडगळीत. आपल्या ८०डी ची बीजी-ई१४ ही त्या मानाने गुणी म्हणायची, ती ७०डी, ८०डी आणि ९०डी या तिघांना चालते. पण ही गोष्ट कंपनीच्या मर्जीची, गिऱ्हाइकाच्या हक्काची नाही. अमेरिकेत २०२० साली आर५ साठी निघालेल्या बीजी-आर१० ची किंमत साडेतीनशे डॉलरच्या घरात होती. दोन बॅटऱ्यांचा खण, चार बटणे आणि एक चाक, याचे एवढे पैसे कशाचे, असे कोणी विचारले तर त्याला कद्रू म्हणता येणार नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, विद्यार्थ्यांच्या हातात जे कॅमेरे असतात त्यांच्यासाठी पुष्कळदा ओरिजिनल ग्रिप असतच नाही. कॅननचे १२००डी, १३००डी, १५००डी घ्या, किंवा निकॉनचे डी५२०० सारखे कॅमेरे घ्या. कंपनीने यांना ग्रिप दिलीच नाही. दुसऱ्या कंपन्यांनी मात्र अशा लहान कॅमेऱ्यांसाठीही ग्रिप्स केल्या. त्या कॅमेऱ्यांना बुडाशी इशाऱ्याची सोय नाही, म्हणून त्यांनी ग्रिपमधून एक लहानशी वायर काढून कॅमेऱ्याच्या बाजूच्या रिमोटच्या भोकात घातली, आणि बटण चालू केले. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण काम करते. ज्याला कंपनीने दारातच उभे केले नाही, त्याची सोय या ‘डुप्लिकेट’वाल्यांनी केली. हे ऋण मान्य करायला हवे.

आता या ‘डुप्लिकेट’ शब्दाकडे येतो, कारण सरांचा खरा आक्षेप त्या शब्दाला आहे, आणि आमच्या सभेतला निम्मा वाद त्या शब्दानेच घातला. बाजारात ग्रिप्स दोन प्रकारच्या नाहीत, तीन प्रकारच्या आहेत. पहिली, कॅमेऱ्याच्या कंपनीची. दुसरी, वेगळ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली. मेइके, निवर, फॉटिक्स, हॅनेल अशी नावे दुकानात दिसतात. त्या वस्तूवर तिच्या बापाचे खरे नाव लिहिलेले असते. तिसरी, जिच्यावर मोठ्या कंपनीचे नाव खोटे छापलेले असते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जा, की आपल्या गावातल्या दुकानात जा. आपण दुसरीलाही डुप्लिकेट म्हणतो आणि तिसरीलाही. हा दुसरीवर अन्याय आहे, आणि तिसरीला फुकटचे अभय आहे.

मला वाटते, सरांनी जी सही करायची नाही म्हटले ती तिसरीवर. तिथे मी सरांच्या मागे उभा आहे. खोटे नाव छापणारा माणूस आत काय घालत असेल याचा भरवसा नाही, आणि महाविद्यालयाच्या पैशाने खोटेपणा विकत घेऊ नये हेही खरे. पण दुसऱ्या प्रकारात लबाडी कोठे आहे? आपण इतिहासाच्या गाईडावर टीका करतो, पण ते गाईड स्वतःला मूळ ग्रंथ म्हणवत नाही. तसेच हे. वस्तू कमी दर्जाची असू शकते, पण ती अप्रामाणिक नाही. दर्जाचा प्रश्न दर्जा पाहून सोडवावा, शीलाचा प्रश्न करून नव्हे.

मात्र एका बाबतीत मी ओरिजिनलवाल्यांहूनही कडवा आहे, आणि ती म्हणजे बॅटरी. लोक ग्रिपवर वाद घालतात आणि आत कोणतीही बॅटरी घालतात. किंबहुना स्वस्त ग्रिपबरोबर दोन बॅटऱ्या ‘फ्री’ मिळाल्या म्हणून खूश होतात. हे उलटे आहे. ग्रिप बिघडली तर ती काढून ठेवता येते आणि कॅमेरा पुन्हा आपल्या मूळ बॅटरीवर चालतो. लिथियमची बॅटरी बिघडली तर ती फुगते, खणात अडकते, तापते, आणि प्रसंगी पेटते. चांगल्या बॅटरीत जादा चार्जिंग आणि शॉर्ट सर्किट थांबवणारे मंडल असते. खोट्या बॅटरीत ते असेलच असे नाही. कॅननच्या बॅटरीत आणखी एक सोय असते : ती कॅमेऱ्याशी बोलते, किती टक्के उरली आणि तिच्यावर किती फोटो निघाले ते सांगते. परकी बॅटरी घातली तर कंपनीचे बरेच नवे कॅमेरे पडद्यावर विचारतात की, या बॅटरीवर कॅननचे चिन्ह आहे का? हा प्रश्न पडला की ‘हो’ म्हणून पुढे जाण्याआधी बॅटरी बाहेर काढून नीट पाहावी. भारतात अशा लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आय.एस. १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर आहे का हे पाहायला चष्म्याखेरीज काही लागत नाही.

तेव्हा काटकसर करायचीच तर ती ग्रिपमध्ये करावी, बॅटरीत करू नये, हा माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा.

दुसऱ्या कंपनीची ग्रिप घेतानाही डोळे मिटून घेऊ नये. कॅमेरा बरोबर घेऊन दुकानात जावे. ग्रिप आवळून बसवावी आणि एका हाताने कॅमेरा, दुसऱ्या हाताने ग्रिप धरून हलकेच पिळून पाहावी. सांध्यात हालचाल जाणवली तर नमस्कार करून परत द्यावी. उभे बटण वीस-पंचवीस वेळा अर्धे दाबून पाहावे. प्रत्येक वेळी फोकस होतो का, की मधूनच फोटोच निघून जातो? आधी दोन्ही खणांत, मग एकेका खणात बॅटरी घालून पाहावी. ग्रिपवरचा स्विच बंद केल्यावर तिची बटणे खरोखर गप्प होतात का? शेवटची परीक्षा घरी घ्यायची : भरलेल्या बॅटऱ्या घालून, कॅमेरा बंद करून तीन-चार दिवस ठेवावा आणि टक्के पाहावेत. काही ग्रिप्स कॅमेरा बंद असतानाही वीज पीत बसतात. म्हणून बदलून देण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. आणि कॅमेऱ्याचे काढलेले झाकण सांभाळावे. बऱ्याच ग्रिप्सच्या दांड्यात ते ठेवायला खाच असते. तेथे न ठेवता जो ते खिशात ठेवतो, तो ते हरवतो, हा स्वानुभव.

आता मंडळाचा हिशेब. दुकानात विचारलेले भाव असे : ओरिजिनल ग्रिप सुमारे १६ हजार. दुसऱ्या कंपनीची साडेतीन हजार. कंपनीची एक बॅटरी सुमारे पाच हजार. ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची लेन्स सुमारे नऊ हजार. ओरिजिनल घेतली तर आपल्या हाती दोन हजार उरतात आणि त्यांत काही येत नाही. दुसरी घेतली तर त्याच १८ हजारांत ग्रिप, जादा बॅटरी आणि लेन्स अशा तीन वस्तू येतात, वर पाचशे रुपये उरतात.

त्या लेन्सची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. एकांकिका चालू असताना फ्लॅश मारायला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. पण कॅमेऱ्याबरोबर आलेली आपली लेन्स अंधाऱ्या रंगमंचावर हात टेकते. गेल्या वर्षी प्रथम वर्षातल्या एका मुलीने तीन रात्री सभागृहात बसून फोटो काढले. तिची नजर चांगली होती, जागा चांगल्या निवडल्या होत्या, पण चारशे फोटोंतले साडेतीनशे हललेले निघाले. तिला वाटले आपल्यालाच जमत नाही. यंदा तिने मंडळात नाव दिलेले नाही. एफ/१.८ ची लेन्स असती तर तेवढ्याच उजेडात चौपटीहून जास्त प्रकाश आत आला असता, आणि त्यांतले बरेच फोटो वाचले असते. ग्रिपवर कंपनीचे नाव असते तर त्यांतला एकही वाचला नसता. मंडळ शिकण्यासाठी आहे. शिकणाऱ्याचा फोटो चुकला तर तो उद्या पुन्हा काढता येतो. पण शिकणाराच निघून गेला तर त्याला कोणती ग्रिप परत आणणार?

सर म्हणतील, मग जुनी ओरिजिनल घ्या, निम्म्या किमतीत मिळेल. तो सल्ला खरोखर चांगला आहे, आणि स्वतःच्या पैशाने घेणाऱ्या मित्रांना मी तोच देईन. पण महाविद्यालयाला पक्की पावती लागते, आणि जुन्या बाजारात ती मिळणे कठीण. तेव्हा मंडळापुरता तो रस्ता बंद आहे.

म्हणून पुढच्या सभेपुढे माझी सूचना अशी. ग्रिप दुसऱ्या कंपनीची घ्यावी. तिच्यावर तिचेच नाव असावे, पावती आणि बदलून देण्याची मुदत असावी. बॅटऱ्या कॅमेऱ्याच्या कंपनीच्याच वापराव्यात. ‘फ्री’ मिळालेल्या दुकानातच ठेवून याव्यात. उरलेल्या पैशांतून लेन्स घ्यावी. ग्रिप लावणाऱ्याने प्रत्येक कार्यक्रमाआधी चाक आवळून वहीत सही करावी. आणि पदवीदान समारंभासारखा, जो क्षण परत यायचा नाही, तो कार्यक्रम असेल तर ग्रिप काढून ठेवावी आणि जादा बॅटरी खिशात घालून जावे. कोपर थोडे दुखेल, पण मामाच्या त्या लग्नासारखे होणार नाही.

सरांची सही मी या लेखाच्या जोरावर मागतो आहे. ती मिळाली तर वहीत चाक आवळल्याची पहिली सही माझी असेल. आणि जिने यंदा नाव दिले नाही तिने हा अंक वाचला, तर तिला एवढेच सांगायचे आहे की ते फोटो हलले त्यात तुझ्या हाताचा दोष नव्हता. पुढच्या सभेला ये.